लेकीच्या निबंधाचं पान

ती. दादास साष्टांग नमस्कार.

बी.ए. करणाऱ्या लेकीसाठी काल कायद्याच्या कॉलेजचा अर्ज आला, फी बाराशे. सोबत 'मला वकील का व्हायचंय' हा निबंध जोडायचा आहे. तिनं लिहिलंय, "बाबा आईला मारतात."

मी म्हटलं, "घरची लक्तरं वेशीवर टांगतेस?"

"मग दुसरं खरं काय लिहू, ते तू सांग." तिनं पान माझ्या हाती दिलं. "तू हो म्हणालीस तरच पाठवीन."

तिचे सर म्हणतात, या निबंधावर जागा मिळेल. मी ते पान पोथीत लपवलंय. आठच दिवस उरलेत.

दादा, न्हाणीत पडून हात मोडला, हे मी तुला खोटं कळवलं होतं. स्थळ तू आणलेलंस, तुझ्या जिवाला लागेल म्हणून.

पाठव म्हणू का तिला? उलटटपाली कळव, पण नको म्हणू नकोस.

तुझी धाकटी