बॉक्सवरचं नाव

अत-बाशी, ५ मार्च

चि. बेगायिम हिला आजीचे अनेक आ. वि. वि.

तुझ्या आजोबांना टेकडीवर माती दिली त्याला परवा चाळीस दिवस झाले. घोडी कापली, दीडशे माणूस जेवलं. नावं ठेवायला जागा मिळाली नाही म्हणून काही जणी नाराज होऊन गेल्या.

संध्याकाळी टीव्हीवरची चादर काढली आणि बटण दाबलं. पडदा निळाच. बारीक अक्षरं तुझ्या आईने वाचली. चाळीस दिवस बॉक्स लावला नाही, सबब सेवा बंद. एकतीस मार्चपर्यंत चालू करून न घेतल्यास ग्राहकाचं नाव काढून टाकू. आता घरात मयत झाल्यावर टीव्ही लावतं का कोणी? चौदा वर्षं आपण या कंपनीचं गिऱ्हाईक. वारा सुटला की चॅनेल जातात. बर्फ पडला की मी खराटा घेऊन डिश झोडायची. दुरुस्तीला माणूस पाठवतो म्हणाले, मी तीनदा कणकेचे बोर्सोक तळून वाट पाहिली, तिन्ही वेळा ते कोंबड्यांनी खाल्ले. तरी तक्रार केली नाही. केली, पण पलीकडे यंत्र होतं.

मालिका गेल्या तर जाऊ देत. बॉक्स लावला की आधी ठळक अक्षरात आजोबांचं नाव यायचं आणि पुढे स्वागत. तेवढं मला चष्म्याशिवाय दिसतं. बावन्न वर्षांत ते नाव मी तोंडाने घेतलेलं नाही, आपल्यात कोणती बाई घेते? रोज संध्याकाळी बॉक्सच ते घ्यायचा, माझं भागायचं. ते पुसलं जाता कामा नये. तू शहरात आहेस, त्यांच्या कचेरीत जाऊन ये.

दही वाळवून कुरुत केलंय, ते मेलिसच्या गाडीने पाठवते. पिशवीला काळ्या दोऱ्याचा टाका घातलाय. उसवलेला दिसला तर त्याला म्हणावं, आजी विचारत होती.

तुझी आजी

बिश्केक, १० मार्च

ती. आजीस बेगायिमचा सलाम. वि. वि.

पिशवी मिळाली. टाका शाबूत होता, पण दोरा काळ्याऐवजी निळा होता. मेलिसकाकांना शिवणकाम येतं हे नवीन कळलं.

कचेरीत दोन तास बसले. तिथला मनुष्य सभ्य होता, उपयोगाचा नव्हता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मृत्यूचा दाखला आणला की डिश तुझ्या नावावर होते, दहा मिनिटांचं काम. आजोबांचंच नाव ठेवायचं तर घरच्या फोनवरून घरातल्या मोठ्या माणसाने ग्राहकाचं नाव सांगायचं आणि चौदा वर्षांपूर्वी आजोबांनी दिलेला खुणेचा शब्दही. मी इथूनच सांगते म्हटलं, तर चालत नाही म्हणाला. परीक्षा तीन एप्रिलला संपते, तोवर मला येता यायचं नाही.

मला विचारशील तर तुझ्याच नावावर करून टाक. बॉक्स रोज तुझं स्वागत करेल. आपल्या घरात दुसरं कोणी करणार आहे का?

आईला सांग, मी नीट जेवते. लोभ आहेच, तो कुरुतावर अवलंबून नाही.

तुझी बेगायिम

अत-बाशी, १५ मार्च

चि. बेगायिम हिला अनेक आ.

माझ्या नावावर नको. मी आहे हे मला ठाऊक आहे, बॉक्सने सांगायची गरज नाही.

तुझे वडील आणि गल्लीतले सगळे बाप्ये वर मेंढ्यांच्या वेतावर गेलेत. म्हणून फोनपाशी आम्ही बायकाच जमलो आणि मग ध्यानात आलं की आम्ही सगळ्या या कुळाच्या सुना. तुझ्या आईचे ते सासरे, अनारबूबूचे थोरले दीर, तिच्या सुनेचे चुलत सासरे. त्यांचं नाव घ्यायचं कोणी? मी म्हटलं, घरातला म्हातारा. कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, असं नाव यादीत नाही. अनारबूबूने फोन ओढून घेतला आणि ते उंच होते ना, ते, असं सांगितलं. तुझी आई म्हणाली, पांढऱ्या दाढीचे. अनारबूबूची सून नवी, ती सासऱ्यांचा विषय निघाला म्हणून फोनपुढे लवून उभी राहिली. लहान मुलाला सांगू द्या म्हटलं तर मुलांचा आवाज चालत नाही म्हणे. शेवटी त्या मुलीने थट्टा करू नका असं बजावून फोन ठेवला.

मग आम्ही चहा घेतला. अनारबूबूने चार पेले घेतले. कामाच्या वेळी ती अशीच असते.

आजी

बिश्केक, २० मार्च

ती. आजीस सलाम.

उद्या नवरोज, आणि तुझ्याकडे अकराच दिवस उरलेत. बाबा मेंढ्या सोडून खाली येणार नाहीत. राहिलीस तू. आजी, नाव घेतलंस तर रागावायला आजोबा आता घरात नाहीत. आणि ते कधी रागावलेले मला आठवतही नाहीत, घोड्याला कोणी हात लावला तर तेवढं सोडून.

खुणेचा शब्द मला वाटतं तुझं नाव असेल. आधी तेच सांगून बघ.

तुझी बेगायिम

अत-बाशी, २९ मार्च

चि. बेगायिम हिला अनेक आ.

मंगळवारी तुझी आई पाणी आणायला गेली तेव्हा मी एकटीने फोन लावला. यंत्राने आधी अकरा मिनिटं गाणं ऐकवलं. मग मुलगी आली. ग्राहक घरी आहेत का म्हणाली. टेकडीवर आहेत म्हटलं. परत कधी येतील? एवढ्यात नाही म्हटलं. मग तिने नाव विचारलं.

मी डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि सांगितलं. तिला ऐकू आलं नाही, मोठ्याने सांगा म्हणाली. मोठ्याने सांगितलं. मग म्हणाली, एकेक अक्षर सांगा. बावन्न वर्षं जे गिळून बसले ते त्या पोरीने अक्षर अक्षर करून काढून घेतलं. जुमाकादिर. बघ, आता लिहितेही आहे.

खुणेचा शब्द म्हणून तुझ्या सांगण्यावरून माझं नाव दिलं. चूक म्हणाली. मग घोड्याचं दिलं. बरोबर निघालं. मला वाईट वाटलं नाही. घोडा चांगला होता.

तासाभरात बॉक्स सुरू झाला. नाव आलं, स्वागत आलं, आणि चॅनेल तीनच आले. गुरुवारी वारा सुटला, तेही गेले. पुन्हा फोन लावला. मुलीने विचारायच्या आत मीच नाव सांगितलं.

आज सकाळी डिशवर वीतभर बर्फ आहे. खराटा दाराशीच उभा आहे, आणि मी फोन लावून बसलेय. गाणं चालू आहे, तेवढ्यात हे पत्र लिहून झालं.

लोभ असू दे. कमी पडला तर कळव, मेलिसबरोबर पाठवते, दोन टाके घालून.

तुझी आजी