दीडशे अंशांवरचा सूर्य

श्री. नवनाथराव व्याही यांस नाशिकहून वाल्मीकचा रामराम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंचा खोकला थंडीबरोबर गेला की मुक्कामाला राहिला? भिमाबाई आत्यांना (वय विचारलं की चिडतात, म्हणून नुसती तब्येत विचारतो) झोप लागते ना? आणि नवरदेव राकेशची भूक लग्न ठरल्यापासून वाढली की मेली? आमच्याकडे सौ. सिंधुबाई ठणठणीत, चिरंजीव दिनेश त्याच्या कामात, आणि तुमची मोहिनी, म्हणजे आमची सूनबाई, सुखरूप आहे. तिच्या गणिताविषयी मात्र जरा लांबण लावतो.

लग्नामुळे सुटलेली बारावी ती यंदा देते आहे, हे तुम्ही जाणताच. क्लासचे सर भरभर शिकवतात, म्हणून मी तिचं पुस्तक दुकानात नेऊन आधी स्वतः शिकलो आणि मग तिला शिकवलं. काय गोड विषय आहे हो! दीडशे अंशांचा साइन काढायचा तर घाबरायचं नाही. त्याची रेघ आडव्या रेघेपासून किती लांब, एवढंच बघायचं. ती तीस अंश लांब. मग तिसाची किंमत घ्यायची आणि रेघ वर की खाली, उजवीकडे की डावीकडे, यावरून अधिक-उणे लावायचं. त्या तिसाला संदर्भ कोन म्हणतात. (आपण नाही का, परगावचा बडा माणूस भेटला की ‘म्हणजे तुम्ही अमक्याचे भाचे’ म्हणून त्याला घरच्या मापात आणतो?)

पण माझा जन्म गेला घड्याळं दुरुस्त करण्यात. कोन उजव्या आडव्या रेघेपासून, म्हणजे घड्याळातल्या तीनच्या जागेपासून, मोजायचा एवढं वाचलं आणि काट्यांच्या दिशेनं चालू लागलो. प्रदक्षिणाही तशीच घालतात, मग शंका यावी कशाला? पुस्तकात उलटा बाण काढलेला होता, पण त्यावर मी चष्म्याचं घर ठेवलं होतं. सराव परीक्षेत मोहिनीचे कॉस सगळे बरोबर आणि साइनची चिन्हं सगळी उलटी! “हे कुणी शिकवलं?” असं सरांनी विचारलं, तरी पोरीनं माझं नाव घेतलं नाही.

घरी येऊन म्हणाली, “नाना, जाऊ द्या ती परीक्षा. मी आठवडाभर आधीच घोटीला माहेरी जाते, भावाच्या हळदीचं तरी नीट बघते.” त्यावर सिंधुबाई मला म्हणाली, “स्वतः गेला ते गेला, पोरीलाही बाराच्या भावात नेलं!”

मी गच्चीवर जाऊन बसलो, कारण घरात तोंड लपवायला जागा नव्हती. सहज उत्तरेकडे तोंड होतं. सूर्य डाव्या हाताला उतरत होता आणि टाकीची सावली सकाळी जेवढी लांब पडते तेवढीच आता उलट बाजूला पडली होती. सकाळचे तीस अंश, संध्याकाळचे दीडशे. उंची तीच, फक्त बाजू बदललेली. आणि व्याही, उत्तरेकडे तोंड करून बसलं की सूर्य उजवीकडून डोक्यावर आणि डोक्यावरून डावीकडे जातो, म्हणजे काट्यांच्या उलट! इतकी वर्षं तो असाच चालतोय आणि मी खाली मान घालून भिंगातून चाकं बघत बसलो.

मोहिनीला हाक मारली. तिलाही उत्तरेकडे तोंड करून बसवलं. सूर्य तुमच्या घोटीच्या बाजूला टेकला तशी ती पुटपुटली, “एकशे ऐंशी. साइन शून्य.” अंधार पडला तरी उठेना. बऱ्याच वेळानं म्हणाली, “नाना, आता तो दोनशे दहावर असेल. दिसत नाही, पण जमिनीपासून तीसच अंश खाली.” मला वाटलं, अंधारसुद्धा मोजता येतो, मग भ्यायचं कशाला? परवाच्या सरावात तिचं एकही चिन्ह चुकलं नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
वाल्मीक

ता. क. गणिताचा पेपर राकेशच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आहे. करवली म्हणून मोहिनीला आठवडाभर आधी बोलावू नका. ती हळदीच्या दिवशी येईल, अक्षता पडल्या की दिनेश तिला परत आणेल. तुम्ही ‘ये’ म्हणालात तर ती पुस्तक मिटून येईल, म्हणून हे सगळं पुराण. तिच्याऐवजी सिंधुबाई आधी येईल; हळद दळेल आणि तुम्हाला बोलायलाही कमी पडणार नाही.

ता. ता. क. तसंही करवलीला होमापाशी पुढं चालू देऊ नका. काल सकाळी ती तुळशीला उलट्या प्रदक्षिणा घालताना सापडली. सिंधुबाई ओरडली, तर मागोमाग मीही तसाच फिरत होतो. उत्तर लवकर लिहा. तोवर मोहिनी घोटीची पिशवी भरत नाही आणि हातातून सोडतही नाही.