फांद्यांची वाट

११ जानेवारी २०१९

सप्टेंबरनंतर आज पहिल्यांदा वही उघडली. चार महिने एक ओळही लिहिली नाही. माफी मागायला हवी, पण कुणाची, वहीची की माझी स्वतःची, ते कळत नाही. घटस्फोटाचे कागद, सामानाची बांधाबांध, निरोप ही कारणं आहेत, सबबी नव्हेत, असं लिहिणार होते. पण सबबीच आहेत.

तर मी ग्रानव्हीकला पोचले. घर लहान, लाल रंगाचं, दोन खोल्यांचं. चुलीत बर्चची लाकडं आधीच रचून ठेवली होती. घरमालकीण व्हेंडला पंचाहत्तरीची आहे, अंगणापलीकडच्या मोठ्या घरात एकटी राहते. मी पेट्या आत घेते न घेते तोच ती वेलदोड्याचे गरम पाव घेऊन आली. म्हणाली, शहरातली माणसं इथे आली की आधी बारीक होतात, मग कायमची जाड. मी खूप दिवसांनी मोठ्यांदा हसले.

शाळा तळ्याच्या पलीकडच्या काठावर. गाडीने वळसा घालून तेवीस किलोमीटर, बर्फावरून चालत सव्वा किलोमीटर. बर्फावरची वाट व्हेंडलाच आखते. दर हिवाळ्यात भोकं पाडून बर्फाची जाडी मोजते आणि पंचवीस पंचवीस पावलांवर स्प्रूसची फांदी रोवत जाते. धुक्यात, हिमवर्षावात माणसं पायांखाली बघत नाहीत, पुढची फांदी बघतात. ‘फांदी सांगते, पाय ऐकतात,’ असं इथले लोक म्हणतात.

या गावात मी नववीचं एक वर्ष काढलं होतं, वडील लाकडाच्या गिरणीत होते तेव्हा. नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण कुणीतरी टपालाने पाठवलं, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आईची मैत्रीण असेल.

पत्र्याचा जुना डबाही बरोबर आणलाय. उघडला नाही.

१४ जानेवारी

शाळेचा पहिला दिवस चांगला गेला. आठवी आणि नववीचं गणित. मुलं शांत आहेत, जरा जास्तच. शिपाई स्टीग गप्पिष्ट आहे. बर्फावरून चालत आले म्हटल्यावर त्याने आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मुठी आहेत ना म्हणून. दोन लाकडी मुठी, प्रत्येकीला पोलादी खिळा, मध्ये दोरी. बर्फ फुटून पाण्यात गेलं तर काठावर खिळे रोवून स्वतःला ओढून काढायचं. त्यांच्याशिवाय इथे कुणी तळ्यावर पाय ठेवत नाही. स्टीग म्हणाला, ‘लग्नाची अंगठी विसरलीस तरी चालेल बाई, मुठी नको विसरू.’ मी म्हटलं, अंगठी विसरूनच आलेय.

येताना फांद्या मोजल्या. चौसष्ट.

वर्गाची खिडकी सताड उघडी होती. बाहेर उणे अठरा. स्टीग म्हणतो, कडी जुनी आहे.

स्वयंपाकघरात गुनेल आहे. माझ्याच वर्गातली. तिने वाटाण्याचं सूप वाढलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मला ओळखलं नसेल. लग्नानंतरचं आडनाव अजून तेच ठेवलंय.

२१ जानेवारी

पहिल्या नोंदीत मी ‘एक वर्ष काढलं’ असं लिहिलं. जणू शाळेच्या दाखल्यात लिहावं तसं. ते नीट लिहायला हवं.

आमच्या वर्गात तूवे होती. व्हेंडलाची मुलगी. बाप मासे धुरी देऊन विकायचा, म्हणून सगळे तिला मासळी म्हणत. ती वर्गात आली की आमच्याच वर्गातला रोलांड उठून खिडकी उघडायचा. कडाक्याच्या थंडीत सगळा वर्ग कुडकुडत हसायचा. ती कोट घालून बसायची आणि वहीतून डोकं वर काढायची नाही. मी नवी होते. मी तिच्या बाजूने बोलले असते तर पुढच्या दिवशी खिडकी माझ्यासाठी उघडली असती.

१३ फेब्रुवारी १९८९ ला, शाळा सुटल्यावर, भर हिमवर्षावात, ती घरी जाताना बर्फाखाली गेली. रोलांड आणि गुनेलने शेवटच्या बारा फांद्या उपटून नदीच्या मुखाकडे लावल्या होत्या. तिथे खालून प्रवाह असतो, बर्फ पातळ. गुडघाभर भिजेल, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी फांद्या परत जागेवर होत्या. पोर वाट चुकली, असं सगळे म्हणाले. जूनमध्ये आम्ही गाव सोडलं.

मी पाहिलं होतं. बोलले नाही.

घर भाड्याने घेताना मालकिणीचं नाव वाचलं होतं. तरी आले. का, ते अजून लिहिता येत नाही.

आज स्टीगने सहज सांगितलं, तीन वर्षांपूर्वी रोलांडही बर्फाखाली गेला. बर्फावर चालवायच्या स्कूटरसकट, फेब्रुवारीत, नदीच्या मुखाशी. प्यायलेला असणार. पण फांद्यांच्या रांगेतच होता म्हणे, म्हणून लोकांना नवल वाटलं.

खिडकी रोज उघडी असते. शुक्रवारी मी स्वतः तारेने बांधून आले होते.

२९ जानेवारी

व्हेंडला पायरीवरून घसरली. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे. मी तिची लाकडं आत आणून दिली. ती भिंतीवरच्या तूवेच्या फोटोकडे बघत म्हणाली की वाटेची काळजी करू नकोस, फांद्या वसंतापर्यंत टिकतात.

आज मोजल्या तर पासष्ट भरल्या. परत मागे जाऊन मोजल्या. पासष्ट.

दुपारी गुनेल भांडी पुसत होती. इतर सगळे कॉफीला गेल्यावर तिने स्वतःहून तोंड उघडलं. गेली तीस वर्षं तिने तळ्यावर पाऊल ठेवलेलं नाही. बहिणीच्या बाळाच्या बारशालाही गाडीने वळसा घालून गेली. लोक हसतात. तिने फडकं पिळलं आणि म्हणाली, ‘तू कशाला आलीस गं परत? तुला कुणी ओळखतसुद्धा नव्हतं.’

मी म्हटलं, नोकरी मिळाली.

‘नोकरी,’ ती म्हणाली. ‘रोलांडलाही तिकडेच काम मिळालं होतं. व्हेंडलाच्या घराचं छप्पर.’

३ फेब्रुवारी

‘मी पाहिलं होतं. बोलले नाही.’ हे मी लिहिलं. हे खोटं आहे. अर्धं खरं लिहिलं की ते खऱ्यासारखं दिसतं, हे मला मुलांच्या उत्तरपत्रिकांवरून माहीत आहे. पायऱ्या सगळ्या बरोबर, मधली एक गाळलेली.

गाळलेली पायरी ही: तूवेच्या कोटातून मुठी मी काढल्या. दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवत असताना, बाहेरच्या खुंटीवरून. रोलांडने सांगितलं म्हणून, आणि त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली म्हणून. फांद्या हलवणार आहेत हे मला माहीत होतं. त्या मुठी असत्या तर ती बाहेर आली असती. पंधरा वर्षांची मुलगी, अंगात ताकद होती, रोज माशांच्या पेट्या उचलायची.

मुठी पत्र्याच्या डब्यात आहेत. लाकडावर तापल्या सळईने तू. ल. ही तिची आद्याक्षरं कोरलीत. फेकता आल्या नाहीत. ठेवल्या यात काही चांगुलपणा आहे असं मला कधी कधी वाटत आलं. नाही.

आज उजेडात खिडकीतून पाहिलं. वाट आमच्या काठाशी संपते, होडीच्या धक्क्यापाशी. धक्क्यापासून वर, घराच्या दिशेने, दोन फांद्या रोवलेल्या आहेत.

६ फेब्रुवारी

सहा फांद्या. पंचवीस पावलांवर नाहीत, जवळ जवळ आहेत, कुणी लहान पावलं टाकत आल्यासारख्या. बाजूला ठसे नाहीत. हिम आठवडाभर पडलेलं नाही. माझेच ठसे आहेत, जाण्यायेण्याचे.

एक उपटून पाहिली. टोक ओलं होतं, आणि धुराचा वास. माशाच्या धुराचा.

सोमवारपासून मी गाडीने जाते. हेही लिहिलं पाहिजे, मी घाबरून वळशाने जाते.

वर्गात आज एका मुलाने, बर्टिलने, दुसऱ्याला बुटकं पिल्लू म्हटलं. मी त्याच्यावर जोरात ओरडले. नंतर बर्टिलकडे गेले आणि माफी मागितली. पण ओरडणं चूक होतं का, नाही ठरवता आलं.

८ फेब्रुवारी

उपटलेली फांदी परत जागेवर. एकूण अकरा. शेवटची पायरीपासून हात दोन हात.

दुर्बिणीतून तळं पाहिलं. रांग आता शाळेकडे जात नाही. मधूनच वळते. नदीच्या मुखाकडे.

स्टीगला फोन केला. तो म्हणाला, पलीकडच्या काठावरून त्याला सगळं सरळ दिसतंय, डोळे तपासून घे बाई.

गाडी दारात आहे. टाकी भरलेली, रस्ता साफ. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे असं म्हणायला नको की दुसरा मार्ग नव्हता.

११ फेब्रुवारी

व्हेंडलाला सांगितलं. सगळं. गाळलेल्या पायरीसकट. डबा तिच्या टेबलावर ठेवला.

ती रडली नाही. म्हणाली, माहीत होतं. छप्पर दुरुस्त करताना रोलांडने तिघांची नावं सांगितली होती. जाहिरात तिनेच पाठवली. लाकडंही त्याच दिवशी रचून ठेवली होती, मी येणारच म्हणून.

मी फांद्यांबद्दल विचारलं. तिने प्लास्टरवर हात ठेवला. रोलांडच्या वेळीही तिने एकही फांदी हलवली नव्हती, म्हणाली. तिने फक्त त्याला इथे बोलावलं होतं. लहानपणी तूवे तिच्याबरोबर फांद्या रोवायला जायची. हात स्थिर होता पोरीचा.

मी क्षमा मागितली. तिने डबा न उघडता माझ्याकडे सरकवला.

‘मला सांगून काय उपयोग? मी कुठे बुडाले होते?’

१२ फेब्रुवारी

शाळेत कळवलं, उद्या येणार नाही. कारण विचारलं. फोन ठेवला.

दुपारचे तीन. उजेड चाललाय. सकाळी शेवटची फांदी पायरीवर होती. आता उंबऱ्याच्या आत – चटईत रोवलेली – खाली पाणी साचतंय –

चुलीजवळची खिडकी दोनदा लावली. उघडी आहे.

गुनेलचा फोन. गाडीत बस आणि ये, म्हणाली, आत्ता, माझ्याकडे झोप. मी म्हटलं बरं. आणि बसले नाही. घाबरलेय म्हणून नाही – घाबरलेच आहे – पण तीस वर्षं वळशाने जाणं – ते मी पाहिलं, गुनेलच्या चेहऱ्यावर –

माझ्या मुठी खुंटीवर ठेवते. त्या घेऊन गेले तर हे काही खरं होणार नाही. किंवा हाही एक दिखावाच असेल. कळत नाही. आता तेवढा वेळ –

डबा उघडला. दोरी ओली आहे.

उद्या: उजाडल्यावर फांद्यांच्या वाटेने नदीच्या मुखाशी जाऊन तूवेच्या मुठी तिच्या हातात –