तुमची हौस, माझं माप

बाबा,

तुमच्यावर रागवावं तर तुम्ही घरी नसायचात, आणि घरी असायचात तेव्हा घरात सण असायचा. सणाच्या दिवशी कोण रागावतं? त्यामुळे माझा राग तसाच राहून गेला. तुम्ही गेलात ते वय मी केव्हाच ओलांडलं, गुडघे दुखतात, घरात सून आहे. परवा ती सैपाकघराच्या फरशीचे नमुने माझ्यापुढे मांडून म्हणाली, "आई, तुम्हाला काय आवडतं ते सांगा, तीच बसवू." मी नमुन्यांकडे बघत बसले. मला काय आवडतं ते मला सांगता येईना. बाबांना यातली कुठली आवडली असती, ते मात्र एका नजरेत कळलं. मग जो संताप आला, तो आजपर्यंत आवरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्ही बोटीवर चीफ कुक होतात, आणि आपल्या रत्नागिरीच्या मांडवी वस्तीत तुमच्यासारखा हौशी माणूस दुसरा नव्हता, हे मी आधीच कबूल करते. ऐंशीच्या पुढेमागची ती वर्षं. सकाळच्या यष्टीने तुम्ही येता, डोळ्यांवर गॉगल, अंगात फुलाफुलांचा शर्ट, मागून हमालाच्या डोक्यावर ट्रंक. पडवीत ट्रंक उघडली की परदेशी साबणाचा वास अख्ख्या वाडीला कळतो आणि बायका-पोरं जमतात. "कुणी हात लावू नका, मी दाखवतो," तुम्ही म्हणता, आणि एकेक वस्तू काढून उजेडात धरता. कपबश्या, स्कार्फ, सेंटच्या बाटल्या. कुठल्या बंदरात, कुठल्या गल्लीत, दुकानदाराशी काय बोलून ती घेतली, ते सगळं रंगवून सांगता. आम्ही तोंडाचा आ करून ऐकायचो. शेवटी माझी वस्तू निघायची. ती कधीही मला बसायची नाही.

बसणार कशी? निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला दारात उभं करून सुतळीने माप घ्यायचात. उंचीला एक गाठ, खांद्याला एक, कमरेला एक. ती सुतळी पाकिटात घालून तुम्ही जगभर फिरायचात आणि कुठल्या तरी झगमगीत दुकानात काउंटरवर पसरून फ्रॉक निवडायचात. तोपर्यंत इथे वर्ष उलटलेलं असायचं आणि मी वाढलेली असायची. खलाशांच्या सगळ्या घरांतून हेच चालायचं, पण दुसऱ्यांचे बाप निदान एक आकार मोठा आणायचे. तुम्हाला ते पटायचं नाही. तुमचं म्हणणं, कपडा अंगासरशी बसला पाहिजे, नाहीतर फॅशनला अर्थ काय. मग तो अंगासरसा कपडा नाटे गावी धाकट्या मामेबहिणीकडे जायचा. गणपतीत ती माझे फ्रॉक घालून मिरवायची आणि मी तिच्याकडे बघत मोदक खायची.

घरात पाऊल टाकल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही सैपाकघर ताब्यात घ्यायचात. आई पडवीत येऊन बसायची आणि म्हणायची, "बापूस आला की मी माझ्याच घरात पाहुणी." तुमचा हात बोटीवरच्या तीस माणसांचा. चार जणांसाठी करायला घेतलंत तरी टोप भरायचा आणि शेजारी वाटत फिरावं लागायचं. तो पापलेटचा दिवस आठवतो? तुम्ही लोण्यात मैदा परतून त्यात दूध ओतलंत आणि तो पांढरा सॉस माशावर घातलात. शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच मागे सरल्या. "माशात दूध घालतात काय गो कुणी? अंगावर कोड उठेल पोरीच्या." तुम्ही हसलात. "वहिनी, जगात लोक काय काय खातात. तुम्ही त्या कालवणाच्या बाहेर कधी पडणार?" आईने ताटाला हात लावला नाही. मी खाल्लं. तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतात, प्रत्येक घासाला विचारत होतात, "कसं आहे? फर्स्टक्लास ना?" मी मान डोलावली. तो मासा मला खरंच आवडला, की तुमचा चेहरा बघून आवडला, हे मला आजही सांगता येत नाही, आणि माझी सगळी तक्रार हीच आहे.

गाण्याचंही तेच. तुम्ही नसताना मी रेडिओला कान लावून नाट्यगीतं ऐकायची, आळीतल्या गाण्याच्या बाईंकडे जाऊन शिकायची. तुम्ही आलात की टू-इन-वनवरचा आईने विणलेला रुमाल निघायचा आणि तुमच्या इंग्रजी बँडच्या तुताऱ्या सुरू व्हायच्या. "बंद कर ती रडगाणी, हे ऐक. पाय हलतो की नाही आपोआप?" पाय हलायचा, हे खरं. तुम्ही गेल्यावर मीच त्या कॅसेटी लावायची आणि लावताना स्वतःवर चिडायची. वाचनालयातून आणलेली माझी कादंबरी तुम्ही दोन बोटांत धरून म्हणायचात, "याची पानं बघ, कुरतडलेली. पुस्तक कसं हवं, तर हात पुसून मगच उघडावंसं वाटलं पाहिजे." मग शोकेसचं कुलूप काढून तुमचं रंगीत चित्रांचं जाडजूड पाककृतींचं पुस्तक उघडायचात, त्यातलं इंग्रजी मोठ्याने वाचायचात आणि पुन्हा कुलूप लावायचात. माझ्या त्या कुरतडलेल्या पुस्तकात काय होतं, हे एकदाही विचारलं नाहीत.

मग माझ्या दहावीचं वर्ष आलं. त्या खेपेला तुम्ही लागोपाठ दोन बोटी केल्यात, मधे घरी फिरकलाच नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी गाणार होते, आणि मला नवा पंजाबी ड्रेस हवा होता. राम आळीतल्या दुकानात मी कापडही बघून ठेवलं होतं. तेवढ्यात तुमचं पत्र आलं: संमेलनाला मी पोचतो, काही घेऊ नका, मी आणतोय तशी वस्तू रत्नागिरीत कुणी बघितली नसेल. मी आईला म्हटलं, "आपण घेऊन ठेवू या गो." आई म्हणाली, "आणि बापसाला काय सांगू? तो हौसेने आणणार नि तू दुसरंच घालून उभी राहणार?" थांबलो. तुम्ही आदल्या दिवशी आलात. ट्रंकेतून गुलाबी सॅटिनचा, लेस लावलेला फ्रॉक निघाला, आठवीतल्या मुलीचा. डोकं आत गेलं, खांद्यापाशी तो अडकला. दोन्ही हात वर अडकलेले, तोंडावर सॅटिन, आणि आतून मला तुमचा आवाज ऐकू येतो, "ही एवढी कधी झाली?" तुम्ही ते आईला विचारलंत, जणू तिने तुमच्या पाठीमागे मला खतपाणी घातलं होतं. आई म्हणाली, "दोन वर्सं झाली तुम्हाला जाऊन. पोर काय खांबासारखी उभी राहणार होती?"

मी आईची साडी नेसून गायले. तुम्ही पहिल्या रांगेत बसून सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्यात. घरी येताना म्हणालात, "आवाज एकदम फर्स्टक्लास. पण गाणं असलं का निवडलंस? मला विचारलं असतंस तर चांगलं सांगितलं असतं." तुम्हाला मी कुठे विचारायचं होतं, बाबा? निघताना तुम्ही पुन्हा सुतळी काढलीत, यावेळी शहाणे होऊन गाठ चांगली वीतभर पुढे मारलीत. पुढच्या खेपेला जे आलं, त्यात माझ्यासकट आई मावली असती. वाडीभर हसू झालं, आणि सर्वांत जास्त तुम्हीच हसलात. तुमच्यावर रागावणं अवघड होतं ते यामुळे.

लग्न होऊन मी चिपळूणला गेले, त्याच वर्षी डॉक्टरांनी तुमची बोट बंद केली. मी घरी होते तेव्हा तुम्ही समुद्रात, आणि तुम्ही घरी बसलात तेव्हा मी सासरी. दिवाळसणाची साडी घ्यायला तुम्ही यष्टीने आलात आणि म्हणालात, "चल, बाजारात जाऊ." आपण दोघं मिळून दुकानात जाण्याची ती पहिलीच वेळ. तुम्ही गादीवर बसलात, चष्मा चढवलात, पदर दोन बोटांत चोळून बघू लागलात. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं आणि वरच्या फळीवरच्या साड्या उतरवल्या. आता तुम्ही निवडणार म्हणून मी वाट बघत होते. पण तुम्ही जरा मागे सरकलात, हात गुडघ्यांवर ठेवलेत आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलंत, "तुला कुठली हवी गो?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, तो प्रश्न असा भर दुपारी, दुकानदारासमोर आला. माझं बसल्या क्षणीच ठरलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला आवडेल ती." तुमचा चेहरा इतका खुलला. क्षणात मोरपिशी उचललीत आणि दुकानदाराला सांगितलंत, "आमच्या दोघांची आवड एकच आहे." एकदा "नक्की ना?" एवढं तरी म्हणायचं होतंत. पुन्हा एकदा विचारलं असतंत तर मी बोलले असते, असं मला वाटतं, आणि म्हणून मी अजून चिडते. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात. ती मोरपिशी मी विरेपर्यंत नेसले. ती मला शोभते असं सगळे म्हणायचे, आणि शोभायचीही. पदरी पडलं पवित्र झालं.

तुम्ही बोटीवर असताना आम्ही एजंटच्या पत्त्यावर पत्र टाकायचो, ते फिरत फिरत कुठल्या तरी बंदरात तुम्हाला गाठायचं. हे पत्र तसा पत्ता असता तरी टाकलं नसतं. वाचून तुम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीने चिपळूण गाठलं असतंत, दुकानदाराला सगळं कपाट खाली काढायला लावलं असतंत, आणि ते मला बघवलं नसतं. बाबा, त्या दुपारी दुकानात तुमच्या गुडघ्याशी एक साडी पडलेली होती, तिची घडीसुद्धा कुणी मोडली नव्हती. काळी, बारीक लाल काठाची. मला ती हवी होती.