साहेबांना दिलेलं ताजं पाणी

मंगळवार, सायंकाळ

किळस आली आहे. शहराची की माझी, कळत नाही. लेक मीनाचे साहेब आज पुण्याहून आले होते, संगणकाच्या कामाचं ऑफिस इथं काढावं का ते बघायला. निघालं तर मीना घरी राहणार, नाहीतर नोकरीसाठी पुण्याला जाणार. शहराबाहेरची, बिडकीनकडची कंपन्यांसाठीची जमीन, रुंद रस्ते, वीज, सगळं त्यांना पसंत पडलं. मग हर्सूलला आमच्याकडं चहाला आले. मी पाण्याचा पेला पुढं केला. कौतुकानं म्हणालो, "घ्या साहेब, एकदम ताजं. आठ दिवसांनी आजच नळ आले."

त्यांनी पेला खाली ठेवला. "आठ दिवसांनी?"

"व्हय. कधी दहाही लागतात. पण येतात."

साहेब हसले. "काका, कंपनी रस्ते बघते. पण कामाला येणारी माणसं आधी नळ बघतात."

ते गेल्यावर मीना म्हणाली, "बाबा, आजच सांगायचं होतं का?"

खोटं कशाला बोलू? ताजं पाणी देणं म्हणजे आमच्यात मानच की. थू या शहरावर, कंपन्यांना बोलावतात आणि माणसांना पाणी देत नाहीत. पेला तसाच भरलेला होता. ओतवेना, मीच प्यायलो. आत मीना पुण्यातल्या खोलीसाठी फोन करते आहे. पहिलाच प्रश्न तिनं विचारला, पाणी रोज येतं का?