येळवशीच्या जेवणाचा दर

उज्वला,

सोलापूरच्या इनामदारबाईंच्या पत्राला मी इतके दिवस उत्तर दिलं नव्हतं. आठ जणांनी आपल्या खोल्यांत उतरायचं, वडवळच्या बेटाची टेकडी पायी हिंडायची आणि येळवशीच्या अमावस्येला आपल्या शेतात जेवायचं, असा त्यांचा बेत. जेवणाचा दर विचारला होता. तिथंच माझं घोडं अडलं.

येळवशीला आपण वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून कडब्याच्या कोपीपाशी बसवतो, आंबील पाजतो. त्याच पंगतीत बसलेल्या बाईंकडून पैसे कसे घ्यायचे? आणि नाही घेतले, तर खोल्या सुरू केल्यापासूनचा हा पहिला मोठा गट, आणि चुलीपुढे राबणार तू.

तू म्हणालीस, "मामा, सारी दुनिया पैसे घेऊन राहिली, तुम्हालाच लाज वाटते व्हय? दर लिहा अन् मोकळे व्हा." तुझ्यासमोर तुझं पटायचं, खोलीत येऊन लिहायला बसलो की माझं. दर लिहून कागद फाडला, न लिहिताही फाडला.

शेवटी लिहिलं, की राहण्याचे पैसे घेऊ, पण येळवशीला तुम्ही सगळे आमचे पाहुणे. बरोबर केलं की नाही, अजून कळत नाही. भज्जीच्या भाजीसाठी शेंगा मी सोलीन, पाणीही आणीन. रागवायचं तर माझ्यावर रागव, पाहुण्यांवर नको. तुझ्यासमोर हे बोलणं जमलं नसतं, म्हणून ही चिठ्ठी ठेवून शेतात जातोय.

बाईंचं पत्र सकाळीच टपालपेटीत टाकलं. हात घालून परत काढता येतं का, तेही पाहिलं. येत नाही.

मामा