भिंगरीची अर्धी गोळी

ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. पोचला असं समजून पुढं वाच. पुन्हा वाकण्याइतकी माझी पाठ आता मोकळी नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं घोरणं शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडलं का? आमच्याकडे सगळं ठीक. (हे पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं.)

तर तुझी भाची, आमची भिंगरी, आता आठ वर्षांची आहे. (शाळेच्या दप्तरी तिचं वेगळं नाव आहे, पण ते फक्त तक्रारीच्या चिठ्ठीवर दिसतं.) गेल्या महिन्यात भर वर्गात उठून ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेरच्या कठड्यावर उतरली आणि चालू लागली. बाईंनी फ्रॉकचा पट्टा धरून तिला आत ओढलं. का गेलीस, तर म्हणे ढग कुठं संपतो ते बघत होते. बाई रडायला लागल्या, तेव्हा हिनंच धावत जाऊन त्यांना पाणी आणलं. (अर्धं वाटेत सांडलं आणि त्यावरून दोन मुली घसरल्या, पण मन बघ पोरीचं.) मुख्याध्यापिका मला रागावतील असं वाटलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "मला ती शाळेत हवीय हो. पण धडधाकट हवीय. डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरबाई इतक्या सावकाश बोलतात की त्यांच्या दोन वाक्यांच्या मधे भिंगरीनं टेबलाखाली जाऊन त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. तीन वेळा बोलावलं, शाळेकडून लिहून मागवलं, कान तपासले, झोप विचारली. मग म्हणाल्या, गोळीनं मूल वेगळं होत नाही, त्याला जरा थांबता येतं, एवढंच. अर्धीपासून सुरू करू. भूक कमी होईल, लक्ष ठेवा. नाही मानवली तर बंद करू. तुम्ही दोघं ठरवा. उठताना त्या पडता पडता वाचल्या.

ठरवा! ताई, आम्ही एकोणीस दिवस ठरवत होतो. तुझ्या भावजयीचं म्हणणं, सुरू करू. (ही दिवसभर लॅबमध्ये लोकांना सुया टोचते, तिला कशाचीच भीती नाही.) माझं म्हणणं, पोर आहे, मोठी होईल तशी निवळेल. त्यावर ही म्हणाली, "चार वर्षांच्या मुलांच्या नाकावर चष्मा चढवताना तुझा हात कधी थरथरला नाही, मग आताच कसा?" मी म्हटलं, चष्मा काढून ठेवता येतो. ही म्हणाली, "गोळीही संध्याकाळी उतरते." मी माझ्या चष्म्याच्या दुकानात निघून गेलो. वादात हरलेल्या माणसाला स्वतःचं दुकान असावं.

तिथं दुपारी ऊन आलं की काचेवर मांडलेली सगळी भिंगं भिंतीवर कवडसे टाकतात. रस्ता पेंगत असतो, गिऱ्हाईक नसतं, आणि ते कवडसे पाण्यातल्या माशांसारखे सावकाश सरकत राहतात. ते बघता बघता मला वाटलं, लेकीच्या पोटात जे जाणार ते आधी बापाच्या पोटात जायला हवं. आणि मी एक अख्खी गोळी गिळली.

त्यानंतर मी पाच तास दुकानातले बारीक स्क्रू लांबीप्रमाणे लावत बसलो. छातीत कुणीतरी दार ठोठावत होतं, पण मला उठून उघडायला सवड नव्हती. मधे एक आजोबा येऊन, बोलून, कंटाळून निघून गेले म्हणे. डॉक्टरबाईंना कबूल केलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच भराभर बोलल्या: "गोळी तिला लिहून दिली होती, तुमच्या दुकानाला नाही! पुन्हा असलं करू नका."

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून दुकानात आली. तिला मी एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट सांगतो. तळ्याच्या तळाशी बुडालेली घंटा आणायला तो निघतो. नावाडी तळ्याच्या मधोमध पोचला की भिंगरी खोलीबाहेर. त्यामुळे तो बिचारा तीन वर्षं तिथंच वल्हं धरून बसलाय. त्या दुपारीही ती अशीच उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. हातानं चौकट घट्ट धरून ठेवली होती, जणू वारा तिला ओढत होता.

"बाबा, वर्गातल्या सगळ्यांना गोष्टींचे शेवट माहीत असतात," ती म्हणाली. "मला फक्त सुरुवाती येतात."

"मग बस की. सांगतो."

"मला बसायचंच असतं," ती म्हणाली आणि गेलीच. तिला रस्ता ओलांडू न देण्यासाठी मी एका पायात चप्पल घालून धावलो. धावता धावताच ठरलं, ताई. मी इतके दिवस समजत होतो, तिला बसायचं नसतं.

रविवारी सकाळी अर्धी गोळी दिली. दुपारी दुकानात मी नावाड्याला पुढं वल्हवत नेलं, बुडी मारायला लावली, घंटा वर आणली, गावात वाजवली. भिंगरी कवडशात मांडी घालून शेवटपर्यंत बसली. ती विचार करून म्हणाली, "शेवट काही खास नाही."

दुपारी नीट जेवली नाही. घर इतकं शांत झालं की ही आणि मी उगाच एकमेकांशी भांडलो. सहाच्या सुमाराला सोफ्यावरून उडी पडल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघंही हसलो. महिनाभर बघायचं ठरलंय. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. पण कालपासून ती नावाड्याच्या गोष्टीचा दुसरा शेवट रचतेय.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणी असं होतं का? मी ठामपणे नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाकडून हा भरून आणायला सांगितला. आई मला दोरीनं खिडकीच्या गजाला बांधायची, ते लिहायलाच हवं असं नाही.

ता. क. २ वन्सं, मी लिहितेय. हे पत्र अकरा दिवस अपुरं पडून होतं, शेवटी मीच पाकिटात घालतेय. दोरीचं नक्की लिहा.